कीवसमोर अडलेलं रशियन सैन्य: दोष घडणीचा की योजनेचा?

पूर्वरंग (धागाकर्ता)

युक्रेन युद्धावर चर्चा निघाली की दोन वाक्यं हमखास येतात. 'रशियन सैन्य म्हणजे बडा घर पोकळ वासा, जॅव्हेलिन या खांद्यावरून सोडायच्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रानं त्याची वाट लावली,' हे एक. 'रशियानं अजून खरी ताकद लावलेलीच नाही,' हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. मार्च २०२२ मध्ये हे सैन्य कीवसमोर अडलं ते त्याच्या घडणीमुळे, आणि पुढे युक्रेनच्या पूर्वेकडच्या डोनबासमध्ये त्याच घडणीनं त्याला तारलं, असं माझं मत आहे.

रशियानं लढाईसाठी बटालियन टॅक्टिकल ग्रुप नावाच्या तुकड्या उभ्या केल्या होत्या. सहाशे ते आठशे माणसं, दहाएक रणगाडे, चाळीसेक चिलखती गाड्या, आणि आकाराच्या मानानं तोफखाना दांडगा. कागदावर झकास. पण सक्तीच्या भरतीतली मुलं या लढाईत न्यायची नाहीत असं राजकीय बंधन होतं, आणि कंत्राटी सैनिक पुरेसे नव्हते. चिलखती गाडीचा चालक आणि तोफ चालवणारा सोडला, तर खाली उतरून लढायला बऱ्याचदा दोघं-तिघंच उरायचे. गावातून किंवा झाडीतून जाताना रणगाड्याच्या दोन्ही अंगांनी चालत पुढचं तपासणारी माणसं लागतात. ती नसली की ब्रोव्हारीसारखं होतं. कीवच्या पूर्वेला हमरस्त्यावर रणगाड्यांची रांग दाटीवाटीनं आली आणि मारा सुरू झाल्यावर रस्त्यातच वळायची धडपड करत राहिली. वरून ड्रोननं टिपलेलं ते चित्रण तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट रसद. या सैन्याची रसद रेल्वेवर चालते. त्यासाठी रेल्वे दलच वेगळं आहे. पण रूळ संपतात तिथून पुढे ट्रक लागतात, आणि ते कमी. रेल्वेच्या टोकापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरपर्यंत काम नीट चालतं, पुढे ओढाताण. सुमीच्या बाजूनं कीव तीनशे किलोमीटरच्या वर आहे. वाटेत चेर्निहिव आणि सुमी ही शहरं न घेताच तुकड्या पुढे गेल्या, म्हणजे डिझेलचे टँकर शत्रूच्या गावांमधून न्यायचे. कीवच्या उत्तरेची ती चौसष्ट किलोमीटर लांब रांग आठवत असेल. इंधन आणि चिखल यांनी ती बसवली, अडवणाऱ्यांना फक्त टोचत राहायचं होतं.

गंधाली

लेख आवडला, निष्कर्ष नाही. घडणीला दोष देऊन तुम्ही मॉस्कोत बसलेल्यांना मोकळं सोडताय.

मुळात योजना लढाईची नव्हतीच. सरकार दोन-चार दिवसांत कोसळेल, शहरांत फार विरोध होणार नाही, असं धरून चालले होते. गुप्तता इतकी की अनेक तुकड्यांना आपण खरोखर सीमा ओलांडणार हे जेमतेम आदल्या दिवशी कळलं. ज्या सैन्याला लढाई होणार हेच सांगितलेलं नाही, ते रांगेतच जाणार ना?

होस्तोमेल घ्या. २४ फेब्रुवारीला सकाळी हेलिकॉप्टरमधून रशियाच्या छत्रीदलाचे सैनिक राजधानीलगतच्या विमानतळावर उतरले. धाडस मोठंच होतं. पण मागून मोठ्या विमानांतून कुमक यायची होती, ती धावपट्टीवर मारा झाल्यामुळे आलीच नाही. युक्रेननं पहिल्याच दिवशी तिथे तोफा आणि नॅशनल गार्ड झोंबवले. पर्यायी योजना नव्हती. यात सैनिकाची घडण कुठे आली? आणि एकाच वेळी कीव, खारकीव, सुमी, डोनबास, खेरसन असे चार-पाच मोर्चे उघडायचे, वर एकच सेनापती नाही. कुठलंही सैन्य असतं तरी तोंडावर आपटलं असतं.

निवृत्त तोफची

दोघांनाही एक विचारतो. तोफखान्याचं नाव कुणी का घेत नाही? जॅव्हेलिनचे फोटो छान येतात म्हणून?

कीवच्या उत्तरेला रशियन तुकड्यांचा कणा मोडला तो मुख्यतः युक्रेनच्या दोन तोफखाना ब्रिगेडच्या माऱ्यानं. क्षेपणास्त्रधारी टोळ्यांनी रांगा थांबवल्या, थांबलेल्या रांगांवर तोफा बरसल्या. शिवाय युक्रेननं इरपिन नदीचा बांध सोडला. देमिदिव गावात पाणी शिरलं, लोकांची तळघरं बुडाली, पण नदीचं पात्र पसरून दलदल झाली आणि रशियनांना पूल टाकायला कोरडी जागाच उरली नाही.

आता रशियन तोफखान्याबद्दल. २०२२ च्या उन्हाळ्यात डोनबासमधल्या सेव्हेरोदोनेत्स्क आणि लिसिचान्स्कला त्यांनी जो मारा केला तो पाहून मी तरी गप्प झालो. दिवसाला वीस हजारांच्या आसपास गोळे असा अंदाज तेव्हा दिला जायचा. मी १३० मिमी तोफेवर नोकरी केली. तिचा गोळा ३३ किलोचा, रशियन १५२ मिमीचा साधारण ४३ किलोचा. हे लाकडी पेट्यांमधून येतात. रेल्वेच्या डब्यातून माणसांनी उतरवायचे, ट्रकवर चढवायचे, तोफेपाशी पुन्हा उतरवायचे. फळ्यांवर रचून क्रेननं उचलायची पद्धत त्यांनी बसवली नाही. म्हणून गोदाम रूळाला चिकटून आणि भलंमोठं. जूनअखेर युक्रेनकडे हायमार्स हे अमेरिकी रॉकेट-लाँचर आले, पल्ला ऐंशी किलोमीटर, अचूक. मग काय, एकेक गोदाम रात्री उडायला लागलं. गोदामं मागे न्यावी लागली, ट्रकची फेरी लांबली, मारा उतरला. धागाकर्त्यांचा रसदीचा मुद्दा खरा आहे. तो कीवपेक्षा इथे जास्त लागू पडतो.

बुरुज

सगळे २०२२ मध्येच अडकलेत. तीन-चार वर्षं चाललेल्या युद्धाचा निकाल पहिल्या सहा आठवड्यांवरून लावायचा?

हे सैन्य शिकतं, हे त्याचं सर्वात मोठं बळ आहे आणि तेच कुणाला मान्य करायचं नसतं. खेरसनचा पश्चिम किनारा धरून ठेवता येत नाही हे कळल्यावर ११ नोव्हेंबर २०२२ पर्यंत त्यांनी निप्रो नदी ओलांडून माघार घेतली, तीही पूल तुटलेले असताना आणि फारसं सैन्य न गमावता. त्याआधी सप्टेंबरात खारकीवकडे इझ्युम, कुपियान्स्क घालवलं होतं, त्यावर तीन लाखांची भरती काढली. मग रशियन सेनापती सुरोविकिननं खंदक, सुरुंग आणि काँक्रीटचे दात यांची जी फळी उभी केली तिच्यावर २०२३ मध्ये युक्रेनचे लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या आपटल्या. माला तोकमाचकाजवळ सुरुंगात अडकलेल्या गाड्या आणि लांबून मारा करणारी केए-५२ हेलिकॉप्टर, हे चित्रणही सगळ्यांनी पाहिलंय, पण त्याची आठवण कुणी काढत नाही.

आणि विमानांचं काय? पहिल्या वर्षी आपण हसत होतो. नंतर त्यांनी जुन्या साध्या बाँबना पंखांचा संच लावला आणि साठ-सत्तर किलोमीटरवरून सोडायला लागले. डोनबासमधलं अवदीवका शहर फेब्रुवारी २०२४ मध्ये पडलं त्यात या बाँबचा वाटा मोठा होता.

गंधाली

बुरुज, खेरसनची माघार आणि सुरोविकिनची फळी ही दोन्ही बचावाची उदाहरणं आहेत. धागा आक्रमक सैन्याबद्दल आहे. खंदकात बसून दुसऱ्याला अडवणं जमतं म्हणजे पुढे जाऊन मुलूख घेणं जमतं असं कुठून आलं?

बाँबचा मुद्दा मान्य. पण ते साठ-सत्तर किलोमीटरवरून सोडावे लागतात, कारण युक्रेनची विमानविरोधी फळी पहिल्या आठवड्यात मोडता आली नाही. युक्रेननं आपल्या यंत्रणा आधीच हलवल्या होत्या, बऱ्याच क्षेपणास्त्रांनी रिकामी जागा फोडली.

खानदेशी मिरची

हे सगळं आपल्याला नवीन आहे का? औरंगजेब दक्खनेत उतरला तेव्हा त्याच्याकडेही तोफा होत्या, खजिना होता, फौज तर मोजता येणार नाही इतकी. रसद मारली की मोठी फौज आपोआप जेरीस येते. युक्रेननं गनिमी कावाच केला.

निवृत्त तोफची

मिरचीताई, रसद मारण्यापुरतं ठीक. बाकी गनिमी कावा नाही हो. बारा-पंधराशे किलोमीटरची आघाडी, दोन्ही बाजूंना खंदक, गोळ्यांचा हिशेब महिन्याला लाखांत. हे पहिल्या महायुद्धाच्या घरातलं पोर आहे, फक्त डोक्यावर ड्रोन घेऊन फिरतंय.

अवांतर: वरणगाव, भंडारा, चांदा, खडकी असे दारूगोळ्याचे कारखाने आपल्या राज्यात आहेत. २०१७ मध्ये कॅगनं आपल्या दारूगोळ्याच्या अपुऱ्या साठ्याबद्दल काय लिहिलं होतं ते आठवा, म्हणजे रशियनांवर हसताना जरा जपून हसाल.

पूर्वरंग

अवांतर रोचक आहे, वेगळा धागा काढा.

गंधाली, योजना चुकली हे मान्यच. पण मेमध्ये बिलोहोरिवकाजवळ काय झालं? तेव्हा योजना छोटी होती, लढाई होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिव्हेर्स्की दोनेत्स नदीवर पूल टाकले, पलीकडे तुकडी पाठवली, तोफांनी पूल उडवले, दोन्ही काठांवर जळक्या गाड्यांचा खच. तरी परत त्याच ठिकाणी पूल टाकायचा प्रयत्न. जागेवरच्या माणसाला 'इथून होत नाही, दुसरीकडून बघतो' म्हणायची मुभा नसते, हा या सैन्याचा जुना रोग. निर्णय वर होणार, म्हणून वरच्याला पुढे येऊन बघावं लागणार, आणि मोबाईलवर नाहीतर उघड्या रेडिओवर बोलणार. पहिल्या महिन्यांत इतके जनरल मेले ते उगाच नाही.

बाखमुत तर कळसच. युद्धाआधी सत्तरएक हजार वस्तीचं गाव, घ्यायला जवळपास दहा महिने. वॅग्नर या खासगी फौजेची वीसेक हजार माणसं तिथे मेली असं खुद्द तिचा मालक प्रिगोझिननं सांगितलं, त्यातली निम्मी तुरुंगातून आणलेली. पुढच्याच महिन्यात तो आपली फौज घेऊन मॉस्कोच्या वाटेला लागला. सैन्याचा अर्धा भार खासगी टोळीवर टाकला की असली बिलं येतात.

उत्तरवाहिनी

मला वाटतं तुम्ही सगळे रशियन स्वभाव शोधताय आणि आक्रमकाची सर्वसाधारण अडचण विसरताय. उलटी केस बघा. ६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेन रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरलं. गुप्तता उत्तम, समोर अर्धकच्चे पहारे, आठवडाभरात हजारएक चौरस किलोमीटर घेतल्याचा दावा. युक्रेनचे अधिकारी जागेवर निर्णय घेणारे, रेडिओ चांगले, साहित्य पाश्चात्त्य. मग काय झालं? सुमीहून कुर्स्कमधल्या सुद्झा गावाला जाणारा मुख्य रस्ता एकच. त्यावर रशियनांनी तारेवर चालणारे ड्रोन आणले. काचेच्या बारीक तंतूतून आज्ञा जाते, त्यामुळे रेडिओ जाम करून ते थांबत नाहीत. झाडाखाली बसून राहायचे आणि ट्रक आला की उठायचे. काही महिन्यांत रस्त्याच्या कडेला गाड्यांचे सांगाडे. मार्च २०२५ मध्ये सुद्झा गेलं. शेवटी तर रशियन सैनिक गॅसच्या बंद नळातून चालत मागच्या बाजूला निघाले होते.

म्हणजे सैन्य कुणाचंही असो, सीमा ओलांडून पुढे गेलं की एक रस्ता राखत बसावा लागतो, आणि आजच्या ड्रोनच्या काळात तो राखता येत नाही.

बुरुज

तरीही रशिया पुढे सरकतोच आहे ना? रणगाडे चालत नाहीत म्हटल्यावर मोटारसायकली आणल्या, मग दोघं-दोघं पायी घुसायला लागले. हेच तर मी म्हणतोय.

गंधाली

सरकतोय, पण कसा ते बघा. दोघं-तिघं जण झाडाच्या रांगेतून सरपटत एखादं तळघर गाठतात, तिथे आणखी दोघं येऊन मिळेपर्यंत दडून राहतात. असं करून गाव मिळेल, पण फळीला भोक पडलं तरी त्यातून पन्नास रणगाडे घालून मुलूख मोकळा करता येत नाही. ते जमवायला लागले की वीस किलोमीटरवरून दिसतात. आणि ही सरपटणारी माणसं फुकट मिळत नाहीत. जुलै २०२४ मध्ये पुतिन यांनी सैन्यात कंत्राटावर भरती होणाऱ्याला सहीबद्दल मिळणारी केंद्राकडची रक्कम दुपटीनं वाढवून चार लाख रूबल केली. मॉस्को शहराची स्वतःची एकोणीस लाख वेगळी. ज्याच्याकडे 'अजून न लावलेली ताकद' पडून असते तो बोली अशी चढवत नाही. पूर्वरंग यांच्या पहिल्या परिच्छेदातलं ते दुसरं वाक्य निदान आता तरी बाद धरायला हरकत नसावी.

निवृत्त तोफची

बाद. पहिलं मात्र ठेवा, त्यावर उद्या भांडू.