खापर फोडणे, हात झटकणे की हवाला देणे?

दौतटाक: इराक युद्धावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'अमेरिकेने ब्रिटनवर खापर फोडले' असं लिहून बसलो, पण ते मनाला पटेना. प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश म्हणाले की, सद्दाम हुसेनने अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला कळलं आहे. मूळ इंग्रजीत मोजून सोळा शब्द. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की आफ्रिकेतल्या नायजर देशाशी इराकने केलेल्या कथित युरेनियम व्यवहाराची कागदपत्रं अस्सल नाहीत. दोन आठवड्यांत युद्ध सुरू झालंच. मग जुलैत वाद पेटला तेव्हा 'आम्ही तर ब्रिटिशांचं म्हणणं सांगितलं' हा सूर निघाला. याला नेमकं काय म्हणायचं?

खानदेशी: खापर म्हणजे मडक्याचं फुटकं तुकडं. संस्कृतातल्या कर्पर-खर्परवरून आलं. (आमच्याकडे खापरावर मांडे करतात. ते फोडायची चैन आम्हाला परवडत नाही.) खापर फोडायला आधी काहीतरी बिघडलेलं लागतं आणि समोर एक डोकं लागतं. हात झटकायला दुसरं डोकं लागत नाही. 'माझा संबंध नाही' एवढं पुरतं. कानावर हात ठेवणं त्याहून वेगळं, त्यात 'मला ठाऊकच नव्हतं' हा दावा असतो. तो इथे टिकला नसता, कारण ऑक्टोबर २००२ च्या बुश यांच्या सिनसिनाटीच्या भाषणातून हाच मुद्दा सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या सांगण्यावरून गाळला होता. तेव्हा कानावर हात बाद.

मधली_सुट्टी: वड्याचं तेल वांग्यावर?

खानदेशी: नाही हो. त्यात राग एकाचा आणि मार दुसऱ्याला. इथे रागाचा प्रश्नच नाही.

बखरवाचक: माझ्या मते तुमचा शब्द 'हवाला'. खापर नंतर फोडतात, इथे सोय आधीच करून ठेवली होती. अरबीत हवाला म्हणजे कर्ज दुसऱ्याच्या नावावर वळवणं: देणेकरी बदलतो, घेणेकऱ्याने नव्या माणसाकडे जायचं. मराठीत त्याचे फाटे बघा. पुराव्यासाठी हवाला देतो, चोर पोलिसांच्या हवाली करतो, दैवावर हवाला ठेवून बसतो. संदर्भ, ताबा, भरवसा, तिन्ही एकाच शब्दात. (हवालदारही याच घरातला.) त्या वाक्यात तिन्ही आहेत. दावा आमचा, जामीन लंडनचा.

आणि खरी गंमत क्रियापदात आहे. इराकच्या शस्त्रांवरच्या सप्टेंबर २००२ च्या ब्रिटिश दस्तऐवजात 'आमचा असा निष्कर्ष आहे' या धर्तीचं वाक्य होतं. भाषणात त्याचं 'कळलं आहे' झालं. 'शेजारी म्हणतो उद्या पाणी नाही' यात माझी हमी नाही. 'शेजाऱ्याला कळलंय की उद्या पाणी नाही' म्हटलं की मीही ते खरं धरलेलं असतं. म्हणजे नाव ब्रिटनचं, पण खात्री स्वतःची. हमी घेऊनही ती न घेतल्यासारखं दाखवणारं वाक्य आहे हे. आपल्याकडे 'म्हणे' हा एक शब्द पुरला असता: सद्दामने म्हणे युरेनियम मागितलं. पण 'म्हणे'वर युद्धाची तयारी कोण करणार!

दौतटाक: म्हणजे खापर फुटलंच नाही?

बखरवाचक: फुटलं, पण ब्रिटनच्या डोक्यावर नाही. ११ जुलै २००३ ला बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉंडोलीझा राईस यांनी सांगितलं की भाषण सीआयएने मंजूर केलं होतं. त्याच दिवशी सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी जबाबदारी घेतली. त्यांचं निवेदन शब्दप्रेमींनी जरूर वाचावं: अधिकाऱ्यांनी शेवटी मजकूर मान्य केला, कारण 'ब्रिटिशांचा अहवाल तसं म्हणतो' एवढं तर वस्तुस्थितीला धरून होतं. पण अध्यक्षांच्या भाषणाला ही कसोटी लावायला नको होती, असंही ते म्हणाले. हवाल्याची इतकी स्पष्ट कबुली क्वचित मिळते.

खानदेशी: आणि ज्यांच्या नावावर कर्ज वळवलं त्यांनी ते नाकारलं नाही, हेही लिहा. ब्रिटनच्या गुप्तचर माहितीची चौकशी करणाऱ्या जुलै २००४ च्या बटलर अहवालाने ब्रिटनचा दावा साधार ठरवला. त्यात १९९९ मधल्या इराकी अधिकाऱ्यांच्या नायजर भेटीचा आधार होता आणि तो बनावट कागदांवर उभा नव्हता, असं अहवाल म्हणतो. त्यामुळे 'ब्रिटनवर खापर' लिहिलंत तर ब्रिटनने दावा सोडून दिला असा वाचकाचा समज होईल.

मधली_सुट्टी: मग जर्मनांचं काय? ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांबद्दल सांगितलं. ती माहिती देणारा माणूस तर जर्मन गुप्तहेर खात्याच्या हाताखालचा.

बखरवाचक: त्याचं सांकेतिक नाव 'कर्व्हबॉल'. तिथे मात्र खापर म्हणा, हात झटकणंही म्हणा. पण दौतटाकांच्या लेखात ते आहे का? नसेल तर नको, एकाच वाक्यात किती मडकी फोडायची.

दौतटाक: नाहीये. मग असं करतो: 'अमेरिकेने ब्रिटनचा हवाला दिला आणि प्रकरण अंगाशी आल्यावर खापर सीआयएवर फोडले.'

मधली_सुट्टी: 'अंगाशी' की 'अंगलट'?