खिडकीच्या कोपऱ्यातले तिरके तडे: जुनं जांभ्याचं घर घ्यावं का?

खाडीकाठ:
गुहागर तालुक्यात एक जुनं घर बघितलंय. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर. मागच्या दोन खोल्या नंतर वाढवलेल्या, तिथे खिडक्यांवर काँक्रीटचं लिंटेल (वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) आणि छज्जा. तीन खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेलेत, एका छज्ज्याखाली आडवा तडा आहे. मालक म्हणतात नुसता गिलावा फुटलाय. बयाणा देण्याआधी काय तपासू?

चिरेबंदी:
गिलावा की भिंत, हे आधी ठरवा. तडा आतून-बाहेरून एकाच जागी दिसला तर भिंत फुटलीय. एकाच बाजूला असेल तर हातोडीच्या दांड्याने ठोका. पोकळ वाजला तर गिलावा सुटलाय. मालकांना विचारून तिथला तळहाताएवढा गिलावा काढा. दरजांमधून, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधून, पायऱ्यापायऱ्यांनी गेलेला तडा एकवेळ चालेल, पण चिराच (जांभ्याचा दगड) दुभंगला असेल तर जोर मोठा आहे.

रुंदीला एटीएम कार्ड वापरा, ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्ड शिरत नसेल तर काळजी नको. 5 मिमीच्या वर असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. तडा वर रुंद आणि खाली बारीक असेल तर घराचा तो कोपरा बहुधा बसतोय.

आता बाहेर जोतं बघा. आपल्याकडे पन्हळ नसेल तर पागोळ्यांचं पाणी चार महिने जोत्याशीच मुरतं. घर अर्धं कातळावर, अर्धं खाचराच्या भरावावर असेल तर तडा नेमका त्या सांध्यावर येतो. जुनी-नवी भिंत जिथे भेटते तिथला सरळ उभा तडा वेगळा: चिरे एकमेकांत न गुंफता भिंत नुसती टेकवलेली असते.

ओळंबा:
वरचं सगळं बरोबर, पण मला त्या आडव्या तड्याची जास्त भीती वाटते. खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, गंज लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. तांबूस ओघळ आहे का बघा. सुटा भाग काढून सळई घासा आणि व्हर्नियरने (जाडी मोजायचं साधन) मोजा. 10 मिमीची सळई 8 वर आली असेल तर छत्तीस टक्के लोखंड गेलं. तिथे लिंटेलच बदलायचं, वरच्या भिंतीला आधी टेकू देऊन. नवं लिंटेल दोन्ही बाजूंना निदान 150 मिमी भिंतीत शिरलं पाहिजे. पुट्टी भरून रंग मारलेला असेल तर तो भाग नक्की खरवडून बघा.

चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सेंटिमीटरभर फरक असेल तर चौकट तिरकी झालीय, पण वाळवीनेही तसं होतं, म्हणून खालच्या लाकडात टोच्या खुपसून बघा. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा. माथा बाहेर झुकला असेल तर छप्पर ढकलतंय. तुळईची भिंतीतली टोकं कुजलीत का तपासा.

खाडीकाठ:
तडा जुना की अजून वाढतोय, हे कसं कळेल?

चिरेबंदी:
आत धूळ, जाळी, जुना रंग असेल तर जुना. कडा धारदार आणि आतला चिरा ताजा लाल दिसला तर नवा. खात्रीसाठी तड्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. बाहेरच्या बाजूला इपॉक्सी लावा, प्लास्टर पावसात टिकत नाही. काच फुटली तर तडा वाढतोय. एक महिना पुरत नाही, मृगाच्या आधी लावून दिवाळीनंतर बघा. तेवढं थांबता येत नसेल तर इंजिनिअरकडून दुरुस्तीचा आकडा लेखी घ्या आणि तो किमतीतून वजा करूनच बोलणी करा.