टीबीची नोंद हवीच, पण घरभेट रुग्णाला विचारून

सदाशिवपेठी: टीबी २०१२ पासून अधिसूचित आजार आहे. खासगी डॉक्टरनेही रुग्ण सरकारच्या निक्षय पोर्टलवर (टीबी रुग्णांची ऑनलाइन नोंद) नोंदवायचाच; लपवला तर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे शिक्षा होऊ शकते. हे योग्यच आहे. आक्षेप पुढच्या पायरीला आहे. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत खाटेपुरतं भाडं देऊन राहतात. शेजारच्या वाड्यात आरोग्य कर्मचारी आले आणि जिन्यातूनच नाव घेऊन विचारलं, "टीबीचा पेशंट कुठल्या खोलीत?" संध्याकाळी मालकाने त्या पोराला खोली सोडायला सांगितली. तो गोळ्या घेऊन गावी गेला. आता त्याचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा होतोय की नाही, कोण बघणार? आधी फोन करा, तो म्हणेल तिथे भेटा.

येरवड्याची आशाताई (आशा सेविका): दादा, कितीतरी नंबर लागतच नाहीत. आणि घरी गेल्याशिवाय एका खोलीत किती जण झोपतात, खिडकी आहे का, लेकरू खोकतंय का, हे कळत नाही. त्या पोराच्या खोलीतल्या बाकीच्यांना कोणी तपासलं? घरात टीबी निघाला तर आता मोठ्यांनाही प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या असतात. मालकाने हाकललं, तो दोष मालकाचा. त्यासाठी घरभेट का बंद करायची?

सदाशिवपेठी: बंद करा म्हणतच नाही. अख्ख्या वाड्याची तपासणी म्हणून या, कोणाचं नाव घ्यावं लागणार नाही.

कर्वेनगरचा जीपी (फॅमिली डॉक्टर): ताईंशी सहमत. औषध नीट सुरू झालं की बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांत ओसरतो, हे मालकांना कोणीतरी समजावायला हवं. पण पाळत फक्त रुग्णावरच का? २०२४ मध्ये टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा झाला, केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. रुग्णाचा डोस चुकला तर आपण फोन करतो. सरकारकडूनच गोळी आली नाही, तर त्याने कोणाला फोन करायचा?

हडपसरकर: तरी नजर ढिली करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार भारतात २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२३ मध्ये १९५. पाठपुराव्याशिवाय हे झालं नसतं.

सदाशिवपेठी: झालं, पण २०२५ पर्यंत टीबी संपवायचा होता. हाकलला जाण्याच्या भीतीने माणूस खोकला अंगावर काढत असेल, तर तो तुमच्या आकड्यात येतच नाही.

आशाताई: मग सांगा, फोन लागला नाही तर किती दिवस थांबू?

सदाशिवपेठी: दोन दिवस. मग जरूर जा, पण आजाराचं नाव फक्त त्याच्यापाशी घ्या, दार लावून.