थंडीत मिरवणूक बघताना: पायांचं काय?

थंडीत रस्त्याकडेला उभं राहून गमतीजमतीची मिरवणूक बघायची तर जाड स्वेटर घाला, हा नेहमीचा सल्ला ठीकच, पण खरी वाट लागते ती पायांची. तासभर एका जागी उभं राहिलं की गार जमीन तळव्यांतली ऊब ओढून घेते. बुटांखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाका. दिसायला विनोदी, पण समोरून फ्रॉक घातलेले मिशाळ काका गवत कापायची यंत्रं ढकलत कवायत करत असताना तुमच्याकडे बघणार कोण?

मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपकन उतरते. आणि बँड बेसूर वाटला तर वाजवणाऱ्यांना हसू नका (मी हसलोय, कबूल). थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, म्हणून ट्रम्पेटचा सूर खाली घसरतो. ड्रमवाले मात्र मजेत, त्यांना घाम फुटलेला!