वर्षभरात ट्रेडमार्कचे अर्ज कमी आणि नोंदण्या जास्त, असं कसं?

आकडेमोड_चालू:
मंडळी, मदत हवीये. ऑफिसात मला गेल्या वर्षभराच्या ट्रेडमार्कच्या हालचालींवर दोन पानी टिपण करायला सांगितलंय. आकडे मांडले तर अर्ज कमी झालेत पण नोंदण्या वाढल्यात. साहेब म्हणतात अर्जच आले नाहीत तर नोंदण्या कुठून आल्या, शीट परत तपास. तीनदा तपासली, बेरीज बरोबर आहे. मी काय चुकतोय?

जुना_फायलर:
काही चुकत नाहीयेस. यंदाच्या नोंदण्या म्हणजे यंदाचे अर्ज नव्हेतच. अर्ज आला की तपासणी, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग ऑपोझिशनची, म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याची मुदत. ही मुदत अमेरिकेत ३० दिवस, युरोपियन युनियनमध्ये ३ महिने, भारतात ४ महिने. त्यातून कुणी ऑपोझिशन टाकलंच तर ते प्रकरण किती वर्षं रखडेल ते देव जाणे. अमेरिकेत तर अजून गंमत, नुसत्या वापराच्या इराद्यावर अर्ज करता येतो पण वापराचा पुरावा दिल्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि मंजुरीची नोटीस आल्यावर तो पुरावा द्यायला मुदत वाढवत वाढवत ३६ महिन्यांपर्यंत ताणता येतं. म्हणजे तुझ्या नोंदण्यांमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वीचे अर्ज बसलेत. त्यात एखाद्या देशाच्या ट्रेडमार्क ऑफिसने तुंबलेल्या फायली जोर लावून काढल्या की त्या वर्षी नोंदण्या उसळणारच, बाजारात नवीन काही घडलेलं नसतं.

सावकाश_वाचणारी:
वरचं बरोबर आहे पण त्याआधी एक बघ, दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट मोजलीये का? नीस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठी वस्तू-सेवांचे गट पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, ४५ क्लास आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. समजा एकाने ॲपसाठी एकच अर्ज केला पण क्लास ९, ३५ आणि ४२ तिन्ही घेतले. एका तक्त्यात तो १ दिसेल, दुसऱ्यात ३. मी एकदा अशीच आपटले होते, अर्ज मोजले होते अर्ज म्हणून आणि नोंदण्या क्लासप्रमाणे, आणि मिटिंगमध्ये छान वाढीचा ग्राफ दाखवला 🙈 काही ठिकाणी एका अर्जात अनेक क्लास चालतात, काही ठिकाणी दर क्लासला वेगळा अर्ज लागतो, म्हणून तर वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) देशांची तुलना करताना अर्जातले क्लास मोजते.

जुना_फायलर:
हे मी विसरलोच होतो, आधी हेच बघ. आणि रिन्यूअल नोंदण्यांत मिसळलेत का तेही बघून घे. मुदत बहुतेक ठिकाणी १० वर्षांची, त्यामुळे १० वर्षांपूर्वी अर्जांची लाट आली असेल तर ती आता रिन्यूअलमध्ये उमटते.

आकडेमोड_चालू:
बघितलं. क्लासचाच घोळ निघाला, निम्मा तरी! अर्जाच्या शीटमध्ये एका अर्जाला एक ओळ आहे आणि नोंदणीच्या शीटमध्ये तोच नंबर तीन-तीनदा येतोय. डुप्लिकेट काढले तर फरक बराच उतरला, तरी नोंदण्या थोड्या जास्तच आहेत, ते फाईल निपटाऱ्याचं दिसतंय. मग आता नोंदण्या अर्जाच्या वर्षाप्रमाणे लावू का?

सावकाश_वाचणारी:
लाव, पण वेगळ्या तक्त्यात. तसं लावलंस की शेवटचं वर्ष कायम पडलेलं दिसतं कारण त्यातले बरेच अर्ज अजून वाटेतच असतात, आणि साहेब परत विचारणार की यंदा एवढी घसरण का. आणि तारखेचा रकाना नीट बघ, भारतासारख्या ठिकाणी नोंदणी अर्जाच्या तारखेपासूनच लागू धरतात, सर्टिफिकेट निघाल्याची तारीख वेगळी असते. कुठली घेतलीस ते तक्त्याखाली लिहून टाक.

आकडेमोड_चालू:
अर्जाचीच घेतली होती की काय… थांबा, बघून येतो.