रोबोट मोशन प्लॅनिंग : शिक्षकांच्या ५ दिवसांच्या प्रशिक्षणात काय घ्यावं?

यंत्रशाळा :
डिप्लोमा आणि डिग्री कॉलेजांतल्या २४ शिक्षकांचं ५ दिवसांचं प्रशिक्षण आखायचं आहे. एबीबी कंपनीचा सहा अक्षांचा एकच रोबोट आहे आणि रोबोटस्टुडिओ (एबीबीचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) टाकलेले १२ संगणक. बहुतेकांनी डीएच मॅट्रिक्स (सांध्यांच्या कोनांवरून हाताच्या टोकाची जागा काढायचं गणित) फळ्यावर शिकवले आहेत, टीच पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला रिमोट) मात्र हातात घेतलेलं नाही. सुरुवात कुठून करावी? आणि एकाच रोबोटवर सगळ्यांचा हात कसा बसवावा?

सहावा अक्ष :
पहिल्या दिवशी मॅट्रिक्स नकोच. ग्रिपरमध्ये, म्हणजे रोबोटच्या पंजात, स्प्रिंगच्या होल्डरसकट स्केचपेन बसवा, कागदाखाली थर्माकोल ठेवा आणि १०० मिमीचा चौकोन मूव्हएलने (सरळ रेषेत जायची आज्ञा) तीनदा काढायला लावा, झोन बदलून : फाइन, झेड१० आणि झेड५०. झोन म्हणजे बिंदूच्या किती मिमी आधीपासून वळायची मुभा. फाइनला कोपरे टोकदार येतात, कारण रोबोट प्रत्येक बिंदूवर थांबतो. झेड१० ला कोपरे किंचित गोल. झेड५० ला बाजूच्या मध्यावरच वळण सुरू होतं, त्यामुळे चौकोन ओळखूही येत नाही. तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले की झोन वेगळा समजावायला लागत नाही.

मग ग्रिपर घ्या. मूव्हएलला झेड५० ठेवून पुढच्याच ओळीत ग्रिपर उघडायचा सिग्नल लिहिला, तर वस्तू जागेवर पोचण्याआधीच सुटते. प्रोग्रॅम हालचालीच्या पुढे धावत असतो, म्हणून. ही चूक मुद्दाम करू द्या. उचलण्या-ठेवण्याच्या बिंदूवर फाइनच का लागतं, ते मग कोणी विसरत नाही.

चक्रवेळ :
याला एक गणित जोडा, शिक्षकांना आवडेल. प्रवेग २००० मिमी/से² धरा आणि अंतर ४०० मिमी. वेग ५०० मिमी/से असेल तर १.०५ सेकंद लागतात. वेग दुप्पट, म्हणजे १००० केला तर ०.८९ सेकंद, कारण रोबोट जेमतेम ८९४ पर्यंत पोचतो आणि लगेच ब्रेक लागतो. अंतर ६० मिमी असेल तर ५०० टाका की १०००, वेळ ०.३५ सेकंदच. ‘स्पीड वाढवला तरी सायकल टाइम का उतरत नाही’ हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, त्याचं उत्तर इथे आहे. थांबे कमी करा, बिंदू कमी करा. स्पीडचा आकडा नंतर.

गट ४ जणांचे, ६ करा. रोज गटाला रोबोटवर १ तास, म्हणजे प्रत्येकाच्या हातात पेंडंट १५ मिनिटं. उरलेले २० जण संगणकांवर दोघं-दोघं. रोबोट मॅन्युअल मोडच्या कमी वेगातच चालवा, २५० मिमी/से च्या मर्यादेत. पेंडंटवरचा इनेबल स्विच सोडला तरी आणि घट्ट आवळला तरी रोबोट थांबतो, हे प्रत्येकाने स्वतः करून पाहावं.

सहावा अक्ष :
तिसरा दिवस सिंग्युलॅरिटीला द्या, म्हणजे हात एखाद्या दिशेला हलूच शकत नाही अशा स्थितीला. पाचवा अक्ष शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. सरळ रेषेत जाताना ते दोघं गरगर फिरू पाहतात आणि कंट्रोलर वेग पाडतो किंवा एरर देऊन थांबतो. ओळखायची खूण सोपी : दोन्ही टोकांना पाचव्या अक्षाचा कोन वाचा. एकीकडे +१२°, दुसरीकडे −१२° असेल तर वाटेत शून्य आहेच. उपाय : ग्रिपर १०-१५° तिरका बसवा किंवा मधला टप्पा मूव्हजेने (सरळ रेषेचं बंधन नसलेली चाल) करा. मॅट्रिक्स आता फळ्यावर घ्या. जेकोबियनचा (सांध्यांचे वेग हाताच्या टोकाच्या वेगाशी जोडणारं मॅट्रिक्स) डिटर्मिनंट शून्य होणं म्हणजे काय, ते समोर दिसत असतं.

यंत्रशाळा :
मूव्हइट (रोबोटची वाट आपोआप आखणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

पथशोधक :
शेवटच्या दिवशी घ्या, पण मर्यादा सांगून. त्यातला आरआरटी-कनेक्ट हा प्लॅनर यादृच्छिक नमुने घेतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वाट वेगळी येते. एका गटाची नोंद दुसऱ्याशी जुळणार नाही, हे आधीच सांगा. तेच तेच काम करायचं असेल तर त्यातलाच पिल्झ प्लॅनर वापरा. पीटीपी (बिंदू ते बिंदू), लिन (सरळ रेषा) आणि सर्क (वर्तुळाचा कंस) अशा ठरलेल्या चाली तो देतो. आणि टेबल प्लॅनिंग सीनमध्ये (सॉफ्टवेअरमधलं आसपासच्या वस्तूंचं चित्र) घालायला विसरलात, तर प्लॅनर खुशाल टेबलातून वाट काढतो. हवेच्या नळ्या आणि केबलही त्याला दिसत नाहीत, तेव्हा पहिली फेरी १०% वेगाने आणि नजर सहाव्या अक्षाभोवतीच्या नळीवर.