ट्रकच्या केबिनमध्ये आठवडे काढायचे असतील, तर सुरुवात कशापासून करावी?

लांबची_फेरी (प्रश्न)

नमस्कार. आतापर्यंत मी सकाळी निघून रात्री घरी परतण्याच्या फेऱ्या करत होतो. गेल्या तीन महिन्यांपासून मात्र दोन-अडीच आठवडे सलग ट्रकच्या केबिनमध्येच मुक्काम असतो. सीटमागच्या बाकावर झोपतो, त्याची रुंदी जेमतेम ६५ सेंटीमीटर आहे. आठ तास पडून राहिलो तरी उठताना कंबर धरलेली असते, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे पुढच्या काचेवर आतून इतके पाणी साचते की ते ओघळून डॅशबोर्डवर येते. मागच्या फेरीत रात्रभर पंखा आणि शीतपेटी चालू ठेवली होती. सकाळी चावी फिरवल्यावर स्टार्टरने नुसता ‘टक्’ असा आवाज केला आणि गाडी काही चालू झाली नाही. सोयीसाठी म्हणून बरेच सामान विकत घेतले, परंतु त्या सामानामुळेच आता पाय पसरायला जागा उरलेली नाही. वर्षानुवर्षे असे राहिलेल्या मंडळींनी कशाला आधी हात घालावा हे सांगितले, तर उपकार होतील.

दहाचाकी

आधी अंथरूण, बाकीचे सारे नंतर. गादीवर गुडघा टेकवून सगळा भार त्यावर द्या; खालची फळी गुडघ्याला लागली, तर ती गादी झोपण्याच्या कामाची नाही असे समजा. बहुतेक बाकांवरचा फोम दिवसा बसून बसून मधोमध दबलेला असतो आणि रात्री नेमकी कंबर त्याच खळग्यात येते. बाकाच्या मापाचा साधारण दहा सेंटीमीटर जाडीचा घट्ट फोम कापून घ्या आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या टाका, कारण अंगाच्या उबेमुळे गादीच्या खालच्या बाजूस ओल धरते आणि महिन्याभरात बुरशीचा वास येऊ लागतो.

दुसरी गोष्ट उताराची. आपण केबिनमध्ये आडवे झोपतो, त्यामुळे गाडी डावी-उजवीकडे किंचित कलली असली तरी रात्रभर डोके पायांपेक्षा खाली राहू शकते, आणि मग सकाळी डोके जड का झाले याचा उलगडा होत नाही. मी मुक्कामाला गाडी लावली की पाण्याची अर्धी भरलेली बाटली बाकावर आडवी ठेवतो. आतला बुडबुडा ज्या बाजूला सरकतो ती बाजू उंच, आणि उशी तिकडेच ठेवायची. उतार फारच असेल, तर आळस न करता गाडी हलवून घेतो.

झोपेच्या वेळेबाबत मात्र तडजोड करू नका. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपच मागत असते, आणि त्या वेळी चहा-कॉफीवर काढलेला तास मला तरी कधी मानवलेला नाही. दिवसा झोपावे लागले तर जाड, गडद पडदे हवेतच. वाटेत डोळे मिटू लागले तर गाडी सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. त्याहून जास्त वेळ झोपलात तर उठल्यावर पाव-अर्धा तास डोके सुन्न असते, तेवढा वेळ स्टिअरिंगला हात लावू नये. आणखी एक सांगतो: गाडी उभी असताना जेवण, फोन, हिशेब यांपैकी काहीही चालकाच्या सीटवर बसून करू नका. बाजूच्या सीटवर बसा, किंवा खाली उतरून दहा मिनिटे चाला. ज्या जागेवर दिवसभर काम केले, त्याच जागेवर विश्रांती घेतली की शरीराला दोन्हींतला फरक कळेनासा होतो, असे माझे मत आहे.

तारजोडणी

बॅटरीविषयी विचारतो: शीतपेटी कोणत्या प्रकारची आहे, आणि तिची वायर नेमकी कोठून घेतली आहे? मोठ्या ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. अनेक जण १२ व्होल्टचे उपकरण चालवण्यासाठी त्यांपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात, आणि तेथेच घोळ होतो.

लांबची_फेरी

आपण अगदी बरोबर ओळखलेत. शीतपेटी १२ व्होल्टची आहे, कॉम्प्रेसर नसलेली, आणि पंखाही त्याच एका बॅटरीवर आहे.

तारजोडणी

मग हिशेब सरळ आहे. अशी पेटी साधारण ४८ वॅट घेते, म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर, आणि बहुधा ती अखंड चालू राहते; कॉम्प्रेसरची पेटी मात्र गार झाली की थांबते. पंख्याचा १ अँपिअर धरला तर दहा तासांत एकाच बॅटरीतून ५० अँपिअर-तास गेले. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी ती निम्मी रिकामी झाली, आणि जुनी असेल तर स्टार्टरला लागणारा जोर तिच्यात उरत नाही. शेजारची बॅटरी भरलेली असूनही तिचा उपयोग होत नाही. शिवाय चार्जिंग दोघींचे एकत्र होत असल्याने रिकामी बॅटरी कधीच पुरती भरत नाही आणि भरलेली जास्त चार्ज होते. अशा रीतीने दोन्ही खराब होतात.

उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून जोडावा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की पुरवठा तोडणारे यंत्र मध्ये टाकावे. मुक्काम वारंवार असेल, तर राहण्याच्या सामानासाठी वेगळी बॅटरी ठेवणे उत्तम. पाणी उकळायची १००० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावण्याचा मोह टाळा. ती २४ व्होल्टवरही ४० अँपिअरहून जास्त ओढते आणि बारीक वायर असेल तर ती तापून इन्सुलेशन वितळते.

लांबची_फेरी

मनःपूर्वक आभार. आता फक्त थंडीचा प्रश्न राहिला. झोपण्यापूर्वी छोटी गॅसची शेगडी पाच-दहा मिनिटे पेटवून केबिन उबदार करून घेतली तर चालेल का?

रातपाळी

कृपया असे करू नका. बंद केबिनमध्ये ज्योत पेटवली की प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याचा धोका असतो, आणि त्या वायूला रंग नसतो, वास नसतो. झोप येते आहे असे वाटते आणि माणूस उठतच नाही. कोळशाची शेगडी तर ‘विझली’ म्हणून आत घेतली तरी घातक ठरते. तुमच्या काचेवरच्या पाण्याचाही याच्याशी संबंध आहे: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. आधीच रात्रभराच्या श्वासाने काच भिजते, त्यात ही भर कशाला?

इंजिन रात्रभर चालू ठेवणे हाही मार्ग नव्हे. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते ते वेगळेच, पण भिंतीजवळ किंवा दुसऱ्या गाड्यांच्या गर्दीत धूर फिरून केबिनमध्ये शिरू शकतो. बाहेरून हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा डिझेलवरचा हीटर जाणकाराकडून बसवून घ्या, आणि तो असला तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवून आतून जाळी लावा. थंडी थोडी वाढेल, पण पहाटेचे पाणी बरेच कमी होईल. पांघरूण एक जास्त घ्या. ओला टॉवेल आत वाळत घालू नका.

दहाचाकी

सामानाबद्दल लिहायचे राहून गेले होते. पहिल्या वर्षी माझ्याकडेही तुमच्यासारखीच गर्दी होती. एकदा उतारावर सीटखालून पाण्याची बाटली घरंगळत आली आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकली. पायाला पेडल अर्ध्यावरच थांबल्याचे जाणवले. टाच मारून ती बाटली बाजूला सारेपर्यंत जे दोन-तीन क्षण गेले, ते आजही आठवतात. तेव्हापासून केबिनमध्ये जी वस्तू पट्ट्याने, जाळीने किंवा झाकणाच्या खणात बांधता येत नाही, ती मी ठेवतच नाही. फेरी संपली की सगळे खाली काढतो, आणि जिला दोन आठवड्यांत एकदाही हात लागला नाही, ती वस्तू पुढच्या फेरीला घरीच राहते. अपवाद फक्त अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचार पेटी आणि सुटे फ्यूज यांचा.